डागमार : माहेर डेन्मार्क, सासर रशिया

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात राणीवरचा लेख दिसला की बरेच जण सरळ पान उलटणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण जरा थांबा! या गोष्टीत रेल्वेचा एक भयंकर अपघात आहे, सायबेरिया ओलांडणारी टेलिग्राफची लाईन आहे, पोटात सोन्याची कोंबडी असलेलं एक अंडं आहे, आणि थोडीशी आपली मुंबईसुद्धा आहे. मुख्य म्हणजे या गोष्टीत एक मुलगी आहे. लहानपणी ती बहिणीबरोबर एकाच खोलीत राहायची आणि स्वतःचे कपडे स्वतः शिवायची. पुढे ती रशियाची सम्राज्ञी झाली, आणि म्हातारपणी पुन्हा माहेरी येऊन राहिली. तिचं नाव डागमार.

शाळेत आम्हाला युरोपचा इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या एवढाच होता. लग्नं कुठेच नव्हती. पण १९ व्या शतकातल्या युरोपात तह आणि लग्न यांच्यात फारसा फरक नव्हता. कोणत्या राजकन्येचं कोणाशी जमतंय यावर मंत्रिमंडळात चर्चा व्हायच्या. आणि या लग्नांच्या बाजारात सगळ्यात यशस्वी ठरला तो डेन्मार्कसारखा छोटा देश. तिथल्या राजाला पुढे लोक ‘युरोपचा सासरा’ म्हणू लागले. डागमार ही त्याची दुसरी मुलगी.

तिचा जन्म २६ नोव्हेंबर १८४७ रोजी कोपनहेगनमध्ये झाला. वडील ख्रिश्चन राजघराण्यातले होते खरे, पण लांबच्या शाखेतले. लष्करातली नोकरी, बेताचं उत्पन्न आणि सहा मुलं! राहायला ‘यलो पॅलेस’ नावाचं घर. नावात पॅलेस असला तरी ते रस्त्याला लागून असलेलं एक बऱ्यापैकी मोठं घर होतं, एवढंच. फ्रेडरिक, अलेक्झांड्रा, विल्हेम, डागमार, थायरा आणि शेंडेफळ वाल्डेमार अशी ही भावंडं. परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन कधीकधी या घरी येऊन मुलांना गोष्टी सांगायचा. अलेक्झांड्रा आणि डागमार या दोघी बहिणींचं फार गूळपीठ होतं. दोघी एकत्र पोहायलाही शिकल्या. त्या काळात मुलींनी पोहणं म्हणजे मोठीच गोष्ट! त्यांना शिकवणारी नॅन्सी एडबर्ग ही स्वीडिश बाई. हिला डागमारने पुढे रशियातही बोलावून घेतलं, तिथल्या बायकांना पोहायला शिकवण्यासाठी.

या साध्यासुध्या घराचं नशीब फिरलं ते डेन्मार्कचा तेव्हाचा राजा सातवा फ्रेडरिक याला मूलबाळ नव्हतं म्हणून. त्याच्यानंतर गादी कोणाची, या प्रश्नावर युरोपातली मोठी राष्ट्रं लंडनमध्ये बसली आणि १८५२ साली त्यांनी ख्रिश्चनचं नाव पक्कं केलं. म्हणजे डागमार पाच वर्षांची व्हायच्या आधीच तिचे वडील भावी राजे ठरले. पण घरातली काटकसर काही संपली नाही.

मग आलं १८६३ साल. हे एक वर्ष म्हणजे या घरासाठी लॉटरीच! मार्चमध्ये अलेक्झांड्राचं लग्न इंग्लंडचा युवराज एडवर्ड याच्याशी झालं. म्हणजे राणी व्हिक्टोरिया तिची सासू झाली. त्याच महिन्यात १७ वर्षांच्या विल्हेमला ग्रीस देशाने आपला राजा म्हणून निवडलं आणि तो जॉर्ज झाला. नोव्हेंबरमध्ये वडील स्वतः नववे ख्रिश्चन म्हणून गादीवर बसले. गंमत बघा, मुलगा आधी राजा झाला आणि बाप नंतर!

पण हा आनंद तीन महिनेसुद्धा टिकला नाही. फेब्रुवारी १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कवर हल्ला केला. श्लेस्विग आणि होल्स्टाइन या दोन प्रांतांवरून हे भांडण होतं. डेन्मार्कच्या लोकांना वाटत होतं, आपली राजकन्या इंग्लंडच्या घरात आहे, इंग्लंड धावून येईल. इंग्लंड आलं नाही. व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी प्रशियाच्या युवराजाला दिलेली होती आणि राणीचा स्वतःचा ओढाही जर्मनांकडेच होता. बिचारी अलेक्झांड्रा लंडनमध्ये बसून नुसती तळमळत राहिली. ऑक्टोबरमध्ये तह झाला आणि डेन्मार्कने आपला जवळजवळ दोन पंचमांश मुलूख गमावला. सोयरीक कितीही मोठ्या घरात असली तरी सैन्य पाठवताना कोणी नातं बघत नाही, हा पहिला धडा या घराला तेव्हा मिळाला. डागमार तेव्हा १६ वर्षांची होती. जर्मनांबद्दलचा तिचा राग आयुष्यभर गेला नाही.

युद्ध हरत असतानाच तिच्यासाठी रशियाचं स्थळ आलं होतं. झार दुसरा अलेक्झांडर याचा थोरला मुलगा निकोलस. हुशार, देखणा, नाजूक तब्येतीचा. तो १८६४ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला आला आणि सप्टेंबरमध्ये साखरपुडा झाला. हे जुळवलेलं लग्न असलं तरी दोघं एकमेकांच्या खरंच प्रेमात पडले होते. पण निकोलसची पाठ दुखायची. आधी कोणी ते फारसं मनावर घेतलं नाही. हवापालट म्हणून त्याला फ्रान्समधल्या नीस गावी नेलं आणि तिथे तो अंथरुणाला खिळला. डागमार आईबरोबर धावत नीसला पोहोचली. पुढच्या दोनच दिवसांत, २४ एप्रिल १८६५ ला, तो गेला. मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचा आजार होता, असं निदान झालं. सांगतात की जाताना त्याने डागमारचा हात आपला धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्या हातात दिला. खरं खोटं कोण जाणे!

पण झालं मात्र तसंच. दोन्ही घरांना हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. अलेक्झांडरचं मन खरं तर दुसऱ्याच एका मुलीत गुंतलं होतं, पण वडिलांनी त्याला सरळ हुकूम दिला. डागमारचं दुःख ताजंच होतं. जून १८६६ मध्ये तो कोपनहेगनला आला, थोडे दिवस राहिला, दोघांनी मेलेल्या भावाच्या आठवणी काढल्या आणि शेवटी त्याने घाबरत घाबरत तिला विचारलं. ती हो म्हणाली. आज आपल्याला हे विचित्र वाटतं. एका भावाशी ठरलेली मुलगी, तो गेल्यावर दुसऱ्याला! तिला नाही म्हणता आलं असतं का? कागदावर आलं असतं. पण हरलेल्या, लहान झालेल्या देशाचा सगळा डोळा तिच्यावर लागलेला असताना १८ वर्षांच्या मुलीने नाही कसं म्हणायचं?

१ सप्टेंबर १८६६ ला तिने कोपनहेगनच्या बंदरातून जहाज पकडलं. निरोप द्यायला आलेल्या गर्दीत म्हातारा अँडरसनही उभा होता. रशियात पोहोचल्यावर तिने ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला आणि तिचं नाव बदललं. डागमारची झाली मारिया फ्योदोरोव्हना. लग्नात मुलीचं नुसतं आडनाव नाही तर नावसुद्धा बदलायचं, ही पद्धत आपल्याकडच्या आज्यांना चांगलीच ठाऊक आहे. ९ नोव्हेंबर १८६६ ला सेंट पीटर्सबर्गच्या विंटर पॅलेसमध्ये लग्न लागलं. नवी भाषा, नवा देव्हारा, नवं नाव, आणि दहा हजार डोळे आपल्याकडे बघताहेत... फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आल्यावर आपली काय अवस्था झाली होती, ते आठवून बघा आणि त्याला हजाराने गुणा.

आता कोणी म्हणेल, पुढे रडगाणं असणार. तसं मुळीच नाही! हे लग्न उत्तम जमलं. अलेक्झांडर धिप्पाड, अबोल, हाताने लोखंडी सळी वाकवणारा. ही बुटकीशी, चुणचुणीत आणि नाचाची वेडी. बॉल रंगात आला की नवऱ्याला झोप यायची. मग म्हणे तो वादकांना एकेक करून घरी पाठवून द्यायचा, म्हणजे संगीत आपोआप बंद! पण त्या काळच्या राजेलोकांमध्ये दुर्मिळ अशी गोष्ट म्हणजे तो बायकोशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिला. त्यांना सहा मुलं झाली. त्यातला दुसरा मुलगा एक वर्षाचा होण्याआधीच गेला. सेंट पीटर्सबर्गच्या बड्या लोकांनाही ती आवडली. रशियन भाषा ती चिकाटीने शिकली. डायरी मात्र डॅनिशमध्येच लिहीत राहिली.

सोयरिकीचा डेन्मार्कला काही फायदा झाला का? थोडासा झाला, आणि तो आपल्या शाखेचा विषय आहे. १८६९ साली कोपनहेगनमध्ये ‘ग्रेट नॉर्दर्न टेलिग्राफ’ नावाची कंपनी निघाली. रशियाच्या पूर्व टोकाच्या व्लादिवोस्तोकपासून समुद्राखालून जपानमधल्या नागासाकीला आणि चीनमधल्या शांघायला केबल टाकण्याची परवानगी रशियाने याच कंपनीला दिली. १८७१ साली केबल पडली. युरोपातून सायबेरियामार्गे जाणारा संदेश थेट चीन-जपानला पोहोचू लागला. एवढं मोठं काम एवढ्या छोट्या देशाच्या कंपनीला मिळालं, त्यात राजघराण्यातल्या नात्याचा हात होता असं मानलं जातं. लढाईत न मिळालेली मदत धंद्यात मिळाली म्हणायची!

या नात्यांचं खरं सुख होतं ते माहेरपणात. उन्हाळा आला की नवव्या ख्रिश्चनची मुलं, सुना, जावई आणि नातवंडं कोपनहेगनजवळच्या फ्रेडेन्सबोर्ग राजवाड्यात जमायची. इंग्लंडहून अलेक्झांड्रा, ग्रीसहून जॉर्ज, रशियाहून डागमार, आणि थायरा आपल्या नवऱ्यासह. थायराच्या नवऱ्याचं हॅनोव्हर राज्य प्रशियाने १८६६ सालीच गिळलं होतं. अख्ख्या रशियाला धाकात ठेवणारा झार अलेक्झांडर इथे पोरांबरोबर डबक्यात बेडकांची पिल्लं शोधत फिरायचा. इथे त्याला बॉम्बची भीती नव्हती. दोघी बहिणी तर तासन्तास गप्पा मारायच्या. १८७३ साली डागमार लंडनला गेली तेव्हा दोघींनी मुद्दाम सारखेच कपडे घालून मिरवलं होतं. दोघी दिसायलाही इतक्या सारख्या होत्या की पुढे त्यांची मुलं, म्हणजे रशियाचा निकोलस आणि इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, जुळे भाऊ वाटायचे. इंग्रजीत सगळेच कझिन. आपण बरोबर मावसभाऊ म्हणू शकतो.

बॉम्बची भीती म्हटलं ते उगाच नाही. १३ मार्च १८८१ ला क्रांतिकारकांनी तिच्या सासऱ्यावर, दुसऱ्या अलेक्झांडरवर, सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यात बॉम्ब टाकला. त्याला रक्तबंबाळ अवस्थेत राजवाड्यात आणलं. डागमार आईस स्केटिंगला निघाली होती. ती तशीच स्केट्स हातात घेऊन धावत आली म्हणतात. तिच्या डोळ्यांदेखत सासरे गेले आणि ती सम्राज्ञी झाली. राज्याभिषेक दोन वर्षांनी, मे १८८३ मध्ये मॉस्कोला झाला. सुरक्षेसाठी कुटुंब शहराबाहेरच्या गाचिना राजवाड्यात राहू लागलं. तिथे बंदोबस्त इतका, की त्याला राजवाडा म्हणावा की तुरुंग, असा प्रश्न पडावा.

१८८५ च्या ईस्टरला नवऱ्याने तिला एक भेट दिली. फाबर्जे नावाच्या सोनाराने बनवलेलं पांढऱ्या मिन्याचं अंडं. उघडलं की आत सोन्याचा बलक, बलकात सोन्याची कोंबडी! तशा प्रकारचं एक जुनं अंडं डेन्मार्कच्या राजघराण्याच्या संग्रहात होतं. म्हणजे ही भेट तिच्या माहेरची आठवण असावी. ती इतकी खूश झाली की मग दरवर्षी नवं अंडं ठरूनच गेलं. अशी एकूण ५० अंडी बनली आणि आज त्यांतलं एखादं लिलावात आलं तर कोटींची बोली लागते.

आता रेल्वेकडे वळू या. २९ ऑक्टोबर १८८८. झारचं कुटुंब दक्षिणेकडून राजधानीला परतत होतं. खारकोव्हजवळच्या बोर्की स्टेशनपाशी त्यांची शाही गाडी रुळावरून घसरली. २० हून जास्त माणसं मेली. कुटुंब त्या वेळी डायनिंग कारमध्ये जेवत होतं. छप्पर खाली आलं, तरी घरातलं एकही माणूस गेलं नाही. धिप्पाड झारने ते छप्पर खांद्यावर तोलून धरलं आणि बायकापोरं बाहेर काढली, अशी कथा लगेच सगळीकडे पसरली. डागमारच्या हाताला लागलं होतं. तरीही मदतीची गाडी येईपर्यंत ती जखमींची शुश्रूषा करत फिरत राहिली.

अपघाताचं कारण आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. शाही गाडी अतिशय जड होती. म्हणून तिला मालगाडीची इंजिनं जोडून ती पॅसेंजर गाडीच्या वेगाने पळवत होते. मालगाडीचं इंजिन त्या वेगासाठी डिझाइन केलेलं नसतं. ते डावी-उजवीकडे हेलकावे खातं आणि हलक्या रुळांना बाजूला ढकलतं. हा धोका सेर्गेई विट्टे नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याने आधीच सांगितला होता आणि आपल्या हद्दीत गाडीचा वेग कमी करायला लावला होता. तेव्हा दरबारातल्यांना त्याचा रागच आला होता. अपघातानंतर मात्र तोच माणूस वर चढला, १८९२ साली मंत्री झाला आणि ट्रान्स-सायबेरियन रेल्वे त्याने पुढे रेटली. साहेबाची नाराजी पत्करून आकडा खरा सांगणारा इंजिनिअर किती मोलाचा असतो, हे बोर्कीने शिकवलं. पण २० जणांचे जीव गेल्यावर!

मुंबईचा संबंध इथून पुढचा. १८९० साली डागमारची दोन मुलं, युवराज निकोलस आणि १९ वर्षांचा जॉर्ज, पूर्वेच्या लांबच्या सफरीवर निघाली. डिसेंबरमध्ये त्यांचं जहाज मुंबईला लागलं. तिथे जॉर्जची तब्येत एवढी बिघडली की त्याला पुढे न नेता मुंबईहूनच परत पाठवावं लागलं. तो क्षय निघाला. पुढची वर्षं त्याने कॉकेशसच्या डोंगरात हवेसाठी काढली आणि १८९९ साली, २८ व्या वर्षी तो गेला. निकोलस मात्र पुढे जपानपर्यंत गेला. तिथे ओत्सू गावात एका पोलिसाने त्याच्यावर तलवारीने वार केला. बरोबर असलेल्या त्याच्या मामेभावाने, ग्रीसच्या प्रिन्स जॉर्जने, हातातल्या काठीने हल्लेखोराला अडवलं. डेन्मार्कच्या सोयरिकीने रशियाच्या युवराजाचा जीव असा वाचला.

१ नोव्हेंबर १८९४ ला क्रिमियातल्या लिवादिया इथे झार अलेक्झांडर मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. वय फक्त ४९. लंडनहून निघालेली अलेक्झांड्रा पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं. ती मग कित्येक आठवडे बहिणीपाशीच राहिली. सुतकातच निकोलसचं लग्न उरकायचं ठरलं. सुतक थोडं शिथिल करता यावं म्हणून दिवस निवडला तो विधवा आईच्या वाढदिवसाचा, २६ नोव्हेंबर. आपल्या ४७ व्या वाढदिवशी डागमारने मुलाचं लग्न पाहिलं.

सासू-सुनेचं जमलं नाही. सून हेसची जर्मन राजकन्या, लाजरी आणि धार्मिक. सासू माणसांत रमणारी. त्यात रशियन रिवाजाप्रमाणे समारंभात झारच्या हाताला धरून पुढे जायचा मान आईचा, बायको मागे! आपल्या मालिकांना वर्षभर पुरेल एवढा मसाला. डागमार रशियन रेडक्रॉसचं काम बघायची, जमेल तेव्हा मुलाला सल्ला द्यायची. रास्पुतिनला दूर ठेव, १९१५ साली लष्कराची सूत्रं स्वतःच्या हातात घेऊ नकोस, असं तिचं म्हणणं होतं. निकोलसने दोन्ही ऐकलं नाही.

त्याआधीच, १९१४ मध्ये, महायुद्ध पेटलं होतं. तेव्हा डागमार लंडनला बहिणीकडे गेली होती. परत येताना जर्मनांनी तिची गाडी बर्लिनला अडवली आणि रशियाकडे जाऊ दिलं नाही. मग डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड असा भलामोठा वळसा घालून ती घरी पोहोचली. अडवणारा जर्मन कैसर विल्हेम कोण? इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा आतेभाऊ आणि डागमारच्या सुनेचा मावसभाऊ. रशियाचा झार आणि इंग्लंडचा राजा मावसभाऊ. ५० वर्षं विणलेलं नात्यांचं जाळं, आणि त्यातून एक गोळीसुद्धा अडली नाही.

मार्च १९१७ मध्ये क्रांती झाली आणि निकोलसने गादी सोडली. डागमार तेव्हा कीव्हमध्ये होती. ती ट्रेनने मोगिलेव्हच्या लष्करी मुख्यालयात मुलाला भेटायला गेली. काही दिवस दोघं बरोबर जेवली, बोलली. २१ मार्चला त्याला कैदी म्हणून नेलं. तिने मुलाला पाहिलं ते शेवटचं.

या वेळी पुन्हा सगळ्यांच्या नजरा इंग्लंडकडे वळल्या. इंग्लंडच्या सरकारने झारच्या कुटुंबाला आसरा देण्याची तयारी दाखवलीही होती. पण आपल्या देशात असंतोष वाढेल, आपलीच गादी डळमळेल, या भीतीने पाचव्या जॉर्जने सरकारला मागे हटायला लावलं. मावसभाऊ वाचला नाही. डागमारचा धाकटा मुलगा मिखाईल जून १९१८ मध्ये पर्मजवळ मारला गेला. १७ जुलै १९१८ ला येकातेरिनबुर्ग इथल्या एका तळघरात निकोलस, त्याची बायको आणि पाच मुलं यांना गोळ्या घातल्या. ती स्वतः त्या काळात क्रिमियात नजरकैदेत होती. सैनिकांनी झडती घेऊन तिची पत्रं आणि माहेरून आणलेलं डॅनिश बायबलसुद्धा नेलं. पण क्रिमियात आधी जर्मन सैन्य पोहोचलं आणि म्हणून ती वाचली. ज्यांचा तिने जन्मभर राग केला, त्या जर्मनांमुळे!

तरीही ती रशिया सोडायला तयार होईना. शेवटी एप्रिल १९१९ मध्ये पाचव्या जॉर्जने मावशीसाठी ‘मार्लबरो’ नावाची युद्धनौका पाठवली. माझ्याबरोबर आश्रयाला आलेल्या बाकीच्यांनाही घेणार असाल तरच येते, अशी तिची अट होती. ११ एप्रिलला ती याल्टाहून निघाली. मला इथे नेहमी प्रश्न पडतो. जॉर्जने मावशीसाठी जे केलं ते दोन वर्षं आधी तिच्या मुलासाठी का नाही केलं? उत्तर कदाचित सोपं आहे. म्हाताऱ्या मावशीमुळे कोणाची गादी जात नव्हती.

लंडनहून ती कोपनहेगनला आली. पण माहेरी आता आईवडील नव्हते. फ्रेडरिकही १९१२ मध्ये गेला होता. त्याचा मुलगा दहावा ख्रिश्चन राजा होता. आत्या आणि भाच्याचं फारसं पटायचं नाही. एकदा त्याने म्हणे निरोप पाठवला की विजेचं बिल फार येतंय, दिवे कमी लावा. आत्याबाईंनी लगेच नोकराला हाक मारून घरातले झाडून सगळे दिवे लावायला सांगितले! आपल्या हॉस्टेलवर हा प्रयोग कोणी करू नये. शेवटी इंग्लंडच्या भाच्याने तिला वर्षाला १०,००० पौंड द्यायला सुरुवात केली आणि ती समुद्रकाठच्या ह्विडोर नावाच्या घरात राहायला गेली. हे घर दोघी बहिणींनी १९०६ साली मिळून घेतलं होतं, म्हातारपणी एकत्र राहायला म्हणून. पण अलेक्झांड्रा इंग्लंडमध्येच राहिली आणि १९२५ साली गेली.

मुलं आणि नातवंडं मेली, हे डागमारने कधीच मान्य केलं नाही. त्यांच्यासाठी जाहीर प्रार्थना करायला ती तयार नव्हती. ती मनातून काय समजून होती, कोणास ठाऊक. १३ ऑक्टोबर १९२८ ला, वयाच्या ८० व्या वर्षी ती ह्विडोरमध्ये वारली. वडिलांच्या घराण्यातल्या लोकांबरोबर तिला रोस्किल्डच्या चर्चमध्ये ठेवलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. नवऱ्याशेजारी पुरावं, ही तिची इच्छा राहून गेली होती. सोव्हिएत राजवट गेल्यानंतर दोन्ही देशांनी ते मनावर घेतलं. सप्टेंबर २००६ मध्ये तिची शवपेटी डेन्मार्कच्या ‘एस्बर्न स्नार’ या नौदलाच्या जहाजावर चढवली आणि समुद्रातून रशियाला नेली. तरुणपणी याच समुद्रातून ती सासरी गेली होती, त्याला १४० वर्षं झाली होती. २८ सप्टेंबर २००६ ला सेंट पीटर्सबर्गच्या पीटर आणि पॉल कॅथेड्रलमध्ये तिला अलेक्झांडरशेजारी पुरलं. त्याच कॅथेड्रलमध्ये १९९८ साली निकोलसचे अवशेष ठेवले आहेत. ज्या मुलाच्या मरणावर तिने विश्वास ठेवला नाही, तो तिच्या आधीच तिथे पोहोचलेला होता.

नवव्या ख्रिश्चनचा वंश आजही ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम आणि स्पेनच्या गाद्यांवर आहे. तेव्हा सासरा म्हणून तो पास झाला, हे मान्य करावं लागेल. पण त्या लग्नांनी ना डेन्मार्कचा मुलूख वाचला, ना महायुद्ध टळलं, ना निकोलस वाचला. मग त्यातून उरलं काय? मला विचाराल तर दोन बहिणींची आयुष्यभराची पत्रं, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, आणि ठरवून दिलेल्या नवऱ्याबरोबर तिने मनापासून केलेला २८ वर्षांचा संसार. यातलं काहीच त्या मंत्रिमंडळांच्या हिशेबात नव्हतं.

रशियात तिला आजही मारिया फ्योदोरोव्हना म्हणतात. डेन्मार्कमध्ये मात्र ती अजून डागमारच आहे. माहेरचं नाव माहेरच्यांनी सोडलेलं नाही.